जीव वाचला, आता संसाराचे विचारा

सिडनीचा जानेवारीतला कसोटी सामना पहाटे उठून पाहणाऱ्या मराठी माणसाला गुलाबी रंगाने भरलेले ते मैदान ओळखीचे आहे. सामन्याचा तिसरा दिवस जेन मॅकग्रा यांच्या नावाने पाळतात, हेही पुष्कळांना ठाऊक असते. त्यांचे पती ग्लेन मॅकग्रा यांची गोलंदाजी आपण विसरणे शक्य नाही. पण या जोडप्याची गोष्ट आपण सहसा अर्धीच सांगतो. १९९७ साली स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा जेन ३१ वर्षांच्या होत्या आणि दोघांचे लग्न व्हायचे होते. उपचारांनंतर लग्न झाले, दोन मुले झाली. २००३ मध्ये आजार परतला आणि २००८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, जेन गेल्या. दोघांनी २००५ मध्ये उभ्या केलेल्या मॅकग्रा फाउंडेशनच्या परिचारिका आज ऑस्ट्रेलियाभर रुग्णांसोबत असतात. निदान आणि मृत्यू यांच्यामधली ही जी वर्षे, त्यांत संसार होता. तिशीतल्या रुग्णाला त्याच वर्षांबद्दल विचारायचे असते, आणि नेमके त्याबद्दलच आपण बोलत नाही.

हा अंक कर्करोगाला सामोऱ्या जाणाऱ्या तरुण जोडप्यांवर आहे. आमचे काही वाचक मेलबर्न, सिडनी, पर्थला प्रॅक्टिस करतात, नर्सिंग करतात, समुपदेशन करतात. बाकीच्यांकडे पुण्या-नाशिकचे आईवडील मुलीचे रिपोर्ट मोबाइलवर घेऊन येतात आणि विचारतात, ‘तिकडचे डॉक्टर बरोबर करताहेत ना?’ दोघांनाही हा विषय टाळता येणार नाही.

तंत्राची वानवा ऑस्ट्रेलियात नाही. गोठवलेल्या भ्रूणापासून जन्मलेले जगातले पहिले मूल १९८४ साली मेलबर्नला झाले. गोठवलेल्या बीजांडापासून गर्भधारणा झाल्याचे पहिले वृत्त १९८६ साली ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमधून डॉ. ख्रिस्तोफर चेन यांनी दिले. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तेही हेच वर्ष. अंडाशयाचा तुकडा गोठवून पुढे पोटाच्या भित्तिकेत बसवायचा आणि त्यातून गर्भधारणा साधायची, हे २०१३ मध्ये मेलबर्नला डॉ. केट स्टर्न यांच्या पथकाने करून दाखवले. सिडनीत डॉ. अँटोनेट ॲनाझोडो यांनी कर्करोग आणि प्रजननक्षमता यांचा नोंदसंग्रह उभारला. उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाशी प्रजननक्षमतेबद्दल बोलले गेलेच पाहिजे, अशी तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत.

तरीही संधी हुकते, कारण ती फार थोडे दिवस उघडी असते. सायक्लोफॉस्फमाइडच्या गटातली औषधे अंडाशयातला बीजांडांचा साठा घटवतात, ओटीपोटावरचे रेडिएशन अंडाशय आणि गर्भाशय दोन्हींना झळ लावते. बीजांडे काढायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या गाठीत इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवायला लेट्रोझोल जोडतात. शस्त्रक्रिया आणि केमो यांच्यामध्ये एवढा अवकाश बहुधा असतो. तीव्र रक्ताच्या कर्करोगात तो नसतो. पुरुषाचे काम एका नमुन्यात होते, तरी वृषणाचा कर्करोग किंवा हॉजकिन लिम्फोमा झालेला पंचविशीतला मुलगा वीर्य न साठवता केमोला बसतो, कारण वडील शेजारी बसले होते आणि डॉक्टरांना विषय काढणे अवघड वाटले. या संकोचाची किंमत तो मुलगा पुढे आयुष्यभर मोजतो.

काय गोठवायचे, याचाही सल्ला नीट द्यायला हवा. लग्न झालेले आहे म्हटल्यावर घरातले सगळे भ्रूणाच्या बाजूने झुकतात. पण भ्रूणावर दोघांचा हक्क असतो आणि वापरायला दोघांची संमती लागते. आजारपण सगळीच लग्ने पेलत नाहीत. काही बीजांडे स्वतंत्र गोठवण्याचा पर्याय त्या मुलीला एकटीला, शांतपणे सांगणे हा तिचा हक्क आहे.

‘आता मूल नकोच, आजार परत आला तर?’ या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा चांगले उत्तर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात संप्रेरकसंवेदी स्तनकर्करोगाच्या, ४२ वर्षांपर्यंतच्या ५१६ स्त्रियांनी १८ ते ३० महिने संप्रेरकरोधक औषध घेतल्यावर गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत ते थांबवले. तीन वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण ८.९ टक्के निघाले. तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होते. पाठपुराव्यातल्या ४९७ जणींपैकी ३१७ जणींना मूल झाले. पाठपुरावा अजून लांबायचा आहे आणि हे निष्कर्ष प्रत्येकीला लागू नाहीत. पण सरसकट ‘नको’ म्हणण्याचे दिवस संपले, एवढे निश्चित. औषध परस्पर बंद करू नये आणि टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भनिरोधन हवेच, हे मात्र त्याच बैठकीत सांगायचे. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, अशी समजूत अनेक जोडप्यांची असते.

इथवर प्रजननाचे झाले. संपादक म्हणून आमचा मुख्य आक्षेप पुढे आहे. प्रजनन आणि जवळीक हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याची सोय केली की दुसरा सुटला असे आपण धरून चालतो. बीजांडे नायट्रोजनच्या टाकीत सुखरूप असतात. पलंगावर मात्र दोघे भिंतीकडे तोंड करून झोपतात. तिला कोरडेपणामुळे दुखते, व्रणाची लाज वाटते, केमोने अचानक आणलेल्या रजोनिवृत्तीत अंगातून वाफा निघतात. त्याला वाटते, हात लावला तर तिला त्रास होईल. तिला वाटते, त्याला आता आपली किळस येते. दोघेही एकमेकांना जपतात आणि त्यातूनच दुरावा वाढतो.

सिडनीतल्या जेन अशर आणि जॅनेट पर्झ या मानसशास्त्रज्ञांनी कर्करोगानंतरच्या लैंगिकतेवर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांच्या लेखनातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: संभोग जमला नाही म्हणजे सगळे संपले, ही समजूत सोडू शकलेली जोडपी जवळीक नव्याने मांडू शकतात. मिठी, मालीश, एकत्र आंघोळ, हाताने दिलेले सुख यांना ‘दुय्यम’ मानण्याचे कारण नाही, हे कोणीतरी अधिकाराने म्हणावे लागते. जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे: बोलायला मुभा द्या, मोजकी माहिती द्या, नेमका उपाय सुचवा, आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवा. पहिल्या दोन पायऱ्यांना लैंगिक समुपदेशनाची पदवी लागत नाही. जीपी, वॉर्डातली नर्स, फिजिओथेरपिस्ट, कोणीही त्या चढू शकते. तिसऱ्या पायरीवर साध्या गोष्टी येतात: योनीमार्गासाठी नियमित मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी वेगळे वंगण, ओटीपोटाच्या रेडिएशननंतर डायलेटर, केमोनंतरचे काही दिवस कंडोम, थकवा कमी असेल अशी दिवसातली वेळ, स्टोमाची पिशवी आधी रिकामी करणे, लिंगताठरतेची औषधे. योनीतून द्यायच्या इस्ट्रोजेनचा निर्णय मात्र ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच घ्यावा.

परदेशातल्या मराठी जोडप्याच्या वाटेत आणखी तीन अडथळे असतात. पहिला, खोलीतली माणसे. केमो सुरू झाली की मदतीला आई किंवा सासूबाई येतात, प्रत्येक अपॉइंटमेंटला सोबत बसतात, आणि त्यांच्यासमोर कोणीही ‘ठीक आहे’ यापलीकडे बोलत नाही. त्यांना मानाने बाहेर बसवणे हे आपले काम आहे; सुनेने ते सांगावे अशी अपेक्षा करू नका. भाषेची अडचण असेल तर नवऱ्याला दुभाषा करू नका. १३१ ४५० या क्रमांकावर सरकारी दुभाषा सेवा आहे.

दुसरा अडथळा व्हिसाचा. विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या आरोग्यविम्यात कृत्रिम प्रजननाचे उपचार येत नाहीत, आणि तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेक भारतीयांना मेडिकेअर नसते. मोठ्या रकमेचा निर्णय आठवड्याभरात घ्यायचा असतो. पुढे स्थायी वास्तव्याच्या अर्जात आरोग्यतपासणी असते, म्हणून काही जण आजाराबद्दल बोलायलाच कचरतात. पंचविशीपर्यंतच्या रुग्णांना १९८५ साली स्थापन झालेल्या कँटीन या संस्थेचा आणि तरुणांसाठीच्या खास कर्करोग सेवांचा आधार असतो. आपली जोडपी बहुधा अठ्ठावीस-तीसची असतात, म्हणजे त्या वयोमर्यादेच्या नुकतीच पलीकडे. त्यांना कॅन्सर काउन्सिलचा १३ ११ २० हा क्रमांक आणि रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्याचे नाव पहिल्याच भेटीत लिहून द्या.

तिसरा अडथळा दोन देशांच्या कायद्यांचा. ‘पुण्यात येऊन गोठवू, स्वस्त पडेल’ हा सल्ला घरून मिळतोच. भारताच्या २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार बीजांडे, शुक्राणू किंवा भ्रूण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. स्वतःचे, स्वतःच्या वापरासाठी नेता येतात, पण राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. भ्रूण साठवण्याला दहा वर्षांची मर्यादाही आहे. ऑस्ट्रेलियात साठवणुकीचे नियम राज्यागणिक बदलतात. डॉक्टरांनी हे आधी सांगावे, विमानाची तिकिटे निघाल्यावर नव्हे.

मराठीत हे कसे बोलायचे, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक याच भाषेत चालवले, वाचकांच्या शरीरसंबंधांविषयीच्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हा भाषा अपुरी पडली नाही. आज क्लिनिकमध्ये लागणारी वाक्ये तर अगदी साधी आहेत. ‘या औषधांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, त्याबद्दल आज बोलू या.’ ‘उपचारानंतर बऱ्याच जोडप्यांना जवळ येताना अडचण येते, तुमचे कसे आहे?’ दुसऱ्या वाक्यातले ‘बऱ्याच जोडप्यांना’ हे शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे समोरच्याची मान वर होते. हा प्रश्न नवऱ्यालाही स्वतंत्र विचारा. तो सोबत आलेला नातेवाईक नसतो, अर्धा रुग्णच असतो. आणि ज्यांना मूल होणार नाही, किंवा नको आहे, त्यांच्याकडे लगेच दत्तक किंवा सरोगसीची माहितीपत्रके सरकवू नका. मेलबर्नच्या गणपतीत ‘गोड बातमी कधी?’ म्हणून त्यांना विचारणारे पुष्कळ आहेत. आपण तरी आधी त्यांचे दुःख ऐकावे.

आमची वाचकांना विनंती एवढीच. पंचेचाळीस वर्षांखालच्या प्रत्येक कर्करुग्णाच्या केसपेपरवर दोन ओळी वाढवा: ‘प्रजननाबद्दल बोललो’ आणि ‘जवळिकीबद्दल बोललो’, प्रत्येकीपुढे तारीख. पहिली ओळ केमोच्या आधी भरलेली हवी. दुसरी उपचारापूर्वी, उपचार संपताना आणि पुढे वर्षाने, अशी तीनदा भरायची. सहा महिन्यांनी आपापले केसपेपर काढून रिकाम्या जागा मोजा आणि आम्हाला कळवा. मोठे संशोधन होईल तेव्हा होईल. ही मोजणी आपल्या हातात आहे.