झेरॉक्स मागणे आधी थांबवा

लॉजवर खोली घेताना, भाडेकरार करताना, सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बाईंची नोंद करताना आधारची झेरॉक्स मागितली जाते आणि ती कुठल्याशा फायलीत जाऊन पडते. फाइल रद्दीत गेली, की नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र आणि 12 आकडे असे सगळेच रद्दीत जाते. हल्ली तर झेरॉक्सवालाच सांगतो, ‘व्हॉट्सअ‍ॅप करा, प्रिंट काढून देतो’. मग घरातल्या चौघांचे आधार, पॅन आणि पासबुक त्याच्या मोबाइलमध्ये महिनोन्महिने राहतात.

अशा कागदांवर परक्याच्या नावाने सिम निघते, खाते उघडते, कर्ज उचलले जाते. ज्याचे नाव वापरले त्याला हे कळते ते वसुलीचा फोन आल्यावर, नाहीतर स्वतःच्या घरासाठी केलेला कर्जाचा अर्ज बँकेने फेटाळल्यावर. पुढची पायपीटही त्याचीच. आपण कर्ज घेतलेच नाही, हे त्यानेच पोलीस ठाण्यात, बँकेत आणि पतमाहिती कंपनीकडे सिद्ध करत बसायचे. हा उलटा न्याय आहे. ज्याने नीट पडताळणी न करता पैसे दिले, पुराव्याचे ओझे त्याच्यावर असले पाहिजे.

तेलंगणात 2018 मध्ये उघड झालेले प्रकरण याहून भयंकर होते. सिम कार्डांच्या एका वितरकाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून खरेदीखते उतरवून घेतली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिम कार्डे सुरू केली. त्या लोकांनी कुणाला ओटीपी सांगितला नव्हता, कुठल्या लिंकवर बोट ठेवले नव्हते. जमिनीचा व्यवहार रीतसर नोंदवला, एवढेच त्यांनी केले होते. चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? ‘नागरिकांनी सावध राहावे’ असे सांगून सरकारला यातून हात झटकता येणार नाहीत.

मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने, आधारची प्रत कुणालाही देऊ नका, असा इशारा दिला होता. गैरसमज होईल या कारणाने दोनच दिवसांत तो मागे घेतला गेला. इशारा योग्यच होता. तो मागे घेण्याऐवजी त्याचा नियम करायला हवा होता. पुढे 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. शिवाय हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. लॉजच्या कपाटातली कागदी झेरॉक्स त्याच्या कक्षेत येतच नाही.

झेरॉक्स मागणे थांबेपर्यंत हाताशी आहे ते वापरलेच पाहिजे. शेवटचे 4 आकडेच दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. प्रतीवर तारीख आणि कारण आडवे लिहावे. बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावे. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. पतअहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो मागवावा. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न करता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

पण नियम बदलण्याची जबाबदारी सरकारचीच आहे. आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन करून ओळख पटवता येत असताना प्रत ठेवून घेण्याची गरज उरत नाही. राज्य सरकारने पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स घेणे बंद करावे आणि सुरुवात स्वतःच्या तलाठी व दुय्यम निबंधक कार्यालयांपासून करावी.