झोपेतला द्वारपाल

दौंड जंक्शनच्या रुळांलगत राहणाऱ्या एका आजींना मी एकदा विचारले, "रात्रभर गाड्या धडधडतात, आपल्याला झोप लागते तरी कशी?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, गाडीनं जाग येत नाही. ह्यांच्या खोकल्यानं येते."

वाचकहो, कान झोपेतही उघडेच असतात. त्यांनी टिपलेला आवाज मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातो. या केंद्राभोवती चेतापेशींचा पातळ थर आहे, तोच द्वारपाल. झोप लागली की तो आत जाणारी बरीचशी वर्दी अडवतो, आणि मेंदूच्या विद्युत आलेखात सेकंदाला ११ ते १५ लहरींचे छोटे झुबके उमटतात. अर्थपूर्ण आवाजाला मात्र बहुधा वाट मिळते. जागेपणीही एका गोष्टीकडे लक्ष देताना हाच थर निवड करीत असावा, असे फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली सुचविले होते. (वासाचा मार्ग थेट या केंद्रातून जात नाही, आणि वासाने गाढ झोप सहसा मोडत नाही. म्हणून निजण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा.)

वय वाढते तसे हे झुबके विरळ होतात. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या चाहुलीने कुत्री भुंकली, की घरात प्रथम आजोबाच उठून बसतात. तो आजार नव्हे. त्यासाठी झोपेच्या गोळीचा हट्ट धरू नये.

आजार निराळा. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज एकाएकी दिवसा गुंगीत, रात्री भ्रमिष्ट. बोलता बोलता लक्ष सुटते, घटकेत बरे, घटकेत नाही. अशा वेळी वारांची नावे उलट क्रमाने म्हणावयास सांगावे. एरवी म्हणू शकणाऱ्यास ती साधली नाहीत, तर "वय झाले" म्हणून थांबू नये. मला सर्वाधिक खंत वाटते ती अशा तीन-चार दिवस घरीच ठेवलेल्या रुग्णांची. मुळाशी बहुधा छातीचा वा लघवीचा संसर्ग, घटलेले सोडियम, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध असते. सर्दीवरची गुंगी आणणारी गोळी झोपेसाठी देण्याची चाल तर सोडावीच.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. चष्मा व श्रवणयंत्र लावून न्यावे आणि घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून सोबत आणाव्यात, शेजाऱ्यांनी दिलेल्यासुद्धा.