जुन्या मोटरसायकली चालू ठेवाव्यात, पण कशा?



पुण्याहून साताऱ्याच्या जुन्या रस्त्याने निघालात, की कात्रज सोडताच घाट लागतो. सुटीच्या दिवशी सकाळी या घाटात नव्या गाड्यांच्या रांगेत मधूनच एखादी जुनी जावा, येझदी, राजदूत किंवा बुलेट चढताना दिसते. ती दिसण्याआधीच तिचा आवाज ऐकू येतो. कोणी वळून कौतुकाने पाहतो, तर कोणी धुरामुळे नाकाला रुमाल लावतो. दोघांचेही बरोबर आहे. म्हणूनच, पन्नास वर्षांच्या या गाड्या घरी खपून दुरुस्त कराव्यात, की सरळ भंगारात घालाव्यात, असा प्रश्न पडतो.

माझे मत असे, की त्या जपाव्यात. मात्र त्यांचे खरे मोल चकाकणाऱ्या रंगात नाही आणि रस्त्यात मिरवण्यातही नाही. साध्या पान्यांनी त्या उघडता येतात, आणि उघडणाऱ्याला नीट विचार करायला लावतात, हे त्यांचे मोल आहे. हे कसे ते पाहू या.

प्रथम या गाड्यांची थोडी ओळख. ‘जावा’ हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून झाले. ही कंपनी १९२९ साली प्राग शहरात स्थापन झाली. आपल्याकडे म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे त्याच कारखान्यातून ‘येझदी’ आली. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. बुलेटचा कारखाना १९५५ साली मद्रासला सुरू झाला आणि ती गाडी आजही बनते. राजदूत ही पोलंडमधील एका गाडीच्या आराखड्यावरून आपल्याकडे तयार झाली.

जुन्या जावाच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा. उत्तर सुमारे २४९ घन सेंटिमीटर येईल. ‘अडीचशे सीसीची गाडी’ म्हणतात ती यावरूनच. आता समजा, सिलिंडर झिजला म्हणून तो लेथवाल्याकडून अर्ध्या मिलिमीटरने मोठा करून घेतला आणि त्यात तेवढा मोठा पिस्टन बसवला. मग घनफळ किती होईल? सुमारे २५३. वहीतले सूत्र लोखंडात कसे उतरते, हे येथे दिसते.

आता पुन्हा घाटात जाऊ. गाडी आणि स्वार यांचे वजन मिळून २०० किलोग्रॅम धरा. १०० मीटर उंची चढायला किती ऊर्जा लागेल? २०० × ९.८ × १००, म्हणजे जवळजवळ २ लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोल जळले तर सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल मिळतात. म्हणजे हिशेबाने ६ मिलिलिटर पेट्रोल पुरायला हवे. पण असे जुने इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण पाचवाच हिस्सा कामाला लावते. म्हणून केवळ उंची गाठायला सुमारे ३० मिलिलिटर जळते आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पंखांनी हवेत सोडायची असते. घाटात गाडीचा वेग कमी, म्हणून वाराही कमी. आणि इंजिनावर भार मात्र जास्त. त्यामुळे गाडीतला जो दोष सपाट रस्त्यावर झाकलेला राहतो, तो घाटात हटकून उघडा पडतो. जुन्या गाडीची खरी परीक्षा घाटात होते, ती यामुळे.

अशाच एका दोषाचे उदाहरण घ्या. गाडी घरून नीट सुटते, दोन-तीन किलोमीटर चढते आणि आचके देत बंद पडते. स्वार बाजूला थांबतो. प्लग काढतो, पुसतो, नाहीतर नवाच बसवतो. या खटाटोपात दहा मिनिटे जातात. मग एका लाथेत गाडी सुरू! स्वार म्हणतो, “प्लग खराब होता.” पण पुढच्या वळणावर ती पुन्हा बंद पडते.

येथे चुकले काय? स्वाराने एक गोष्ट बदलली असे त्याला वाटले. प्रत्यक्षात दोन बदलल्या. प्लग बदलला आणि दहा मिनिटेही गेली. यांपैकी गाडी सुरू झाली ती कशामुळे, हे त्याला कळायला मार्गच नाही.

आता पेट्रोलच्या टाकीचे झाकण पाहा. त्यात एक बारीक भोक असते. टाकीतून पेट्रोल खाली कार्बोरेटरमध्ये उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने. जेवढे पेट्रोल खाली जाते, तेवढी हवा त्या भोकातून आत येते. रंग देताना किंवा मातीने हे भोक बुजले तर? टाकीतल्या हवेचा दाब कमी कमी होत जाईल. पेट्रोलची पातळी कार्बोरेटरच्या वर सुमारे ३० सेंटिमीटर धरली, तर त्या उंचीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. म्हणजे आतला दाब २ टक्क्यांनी उतरला, की पेट्रोल उतरणे थांबले! टाकीत पेट्रोलवर ५ लिटर हवा असेल, तर बॉइलच्या नियमाने १०० मिलिलिटर पेट्रोल बाहेर पडताच ही स्थिती येते. पेट्रोलची वाफ ही तूट थोडी भरून काढते, म्हणून गाडी जरा अधिक पुढे जाते, एवढेच. शंभर मिलिलिटर पेट्रोलवर अशी गाडी घाटात अंदाजे किती जाईल? तेच दोन-तीन किलोमीटर. आणि थांबलेल्या दहा मिनिटांत? झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते.

याची परीक्षा सोपी आहे. पुढच्या वेळी गाडी बंद पडली, की प्लगला हात लावायचा नाही. इंजिन जरा निवू द्यायचे, मग फक्त झाकण उघडायचे. ‘स्स्’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात. नाही झाली, तर ही शंका यादीतून खोडायची आणि दुसरी तपासायची: ठिणगी, इंधन आणि दाब. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा पहिला नियम आहे. तो पुस्तकात एका ओळीत संपतो; जुनी मोटरसायकल तो घाम गाळून शिकवते.

नवी गाडी हे का शिकवत नाही? तिच्यात इंधन किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे संवेदक आणि संगणक ठरवतात. त्यामुळे ती कमी पेट्रोल पिते आणि धूरही कमी सोडते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती बंद पडली, तर आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. जुन्या गाडीत ठिणगीची वेळ दोन छोट्या धातूच्या टोकांवर ठरते. कारागीर त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. जावात ती टोके ०.४ मिलिमीटर उघडावी लागतात. दाढीची चार पाती एकावर एक ठेवली तर साधारण तेवढी जाडी होते. टोके उघडली, की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि सहा व्होल्टच्या बॅटरीतून कित्येक हजार व्होल्टची ठिणगी पडते. फॅराडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन तुम्ही येथे स्वतःच्या हाताने जुळवू शकता.

वस्तू उघडता येण्याचे महत्त्व कात्रजकरांना नवे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळातून पुण्यातील शनिवारवाड्यापर्यंत आणि हौदांपर्यंत नेले. त्या नळावर जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. त्यांतून हवा खेळे, आणि नळात उतरून गाळही काढता येई. बांधणाऱ्यांनी दुरुस्तीची वाट बांधतानाच ठेवली होती. जिच्यात अशी वाट असते, ती वस्तू टिकते.

येथपर्यंत वाचून तुम्ही विचाराल, “मग त्या धुराचे काय?” हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळू नये. जावा-येझदीचे इंजिन दोन धावांचे असते. त्यात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते. तसे करताना त्यातले काही न जळताच धुराड्यातून निसटते. कधी कधी हा भाग चौथ्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही जास्त असतो. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही जळते. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले, तशा अशा गाड्या बनणे थांबले, ते योग्यच झाले. म्हणून रोज कामावर जायला ही गाडी वापरू नये, असे मी स्पष्ट म्हणेन. महिन्यातून दोन-चार वेळा, तेलाचे प्रमाण मोजून आणि कार्बोरेटर नीट जुळवून ती चालवावी. अंदाजाने तेल ओतणारा स्वार अकारण धूर करतो, आणि तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकवून बसतो. सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. हा तोल मला योग्य वाटतो.

दुसरा प्रश्न नव्या इंधनाचा. आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. जुन्या कार्बोरेटरला हे ठाऊक नसते. तो पूर्वीइतकीच हवा घेतो आणि मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते, आणि तेही ऐन घाटात! इथेनॉल पाणी शोषते व जुन्या रबरी नळ्या फुगवते, म्हणून नळ्या बदलाव्या लागतात आणि पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवून चालत नाही.

आता घरच्या दुरुस्तीविषयी. नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने किंवा जुना बाजार पालथा घालून भाग मिळवणे ही मोठी मौज असते. पण अनेक जण गाडी घरी आणताच पहिल्यांदा रंग काढतात आणि क्रोमचा मुलामा देऊन आणतात. मला हे पटत नाही. आधी गाडी जशी आहे तशी मोजावी, तिची चित्रे काढावीत, तारांचे रंग लिहून ठेवावेत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. बदल करावा, पण पुन्हा पूर्वीसारखे करता येईल असा. चासीवरच्या आकड्यांना कानस कधीच लावू नये. तो गुन्हा तर आहेच, पण गाडीचा इतिहासही त्याने पुसला जातो.

गंजलेल्या लहान लोखंडी भागांसाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण घ्या. गंजलेला भाग बॅटरीच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडून दोन्ही द्रावणात बुडवा. एकमेकांना लागू देऊ नका. काही तासांत गंज सुटू लागतो. या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून प्रयोग उघड्यावर करावा आणि जवळ ज्योत नसावी. सोड्याऐवजी मीठ घेऊ नये, पट्टी स्टेनलेस स्टीलची नसावी आणि ॲल्युमिनियमचे किंवा क्रोमचे भाग यात घालू नयेत. पेट्रोलची टाकी आणि ब्रेक ही कामे मात्र जाणत्या माणसाचीच. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ फुंकून कधीच उडवू नये.

आणखी एक गोष्ट मला या सर्वांहून महत्त्वाची वाटते. म्हैसूरचा कारखाना बंद पडून आता जवळजवळ तीन दशके झाली. या गाड्यांवर तरुणपणी हात बसवलेले मिस्त्री आज म्हातारे झाले आहेत. इंजिनाच्या आवाजावरून झिजलेले बेअरिंग ओळखणे, प्लगचा रंग पाहून मिश्रण सांगणे, ही त्यांची विद्या त्यांच्या कानांत आणि बोटांत आहे. ती मराठीत फारशी कोणी लिहून ठेवलेली नाही. भाग पुन्हा बनवता येतात. ही विद्या एकदा गेली, की ती कोणत्याच बाजारात मिळणार नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती, की शाळेच्या प्रयोगशाळेत भंगारातले एक इंजिन आणून लाकडी चौकटीवर बसवावे आणि मुलांना ते उघडू द्यावे, पुन्हा जोडू द्यावे. आणि तुम्हाला, मित्रहो, एक काम. परवाना मिळेपर्यंत गाडी चालवू नका; पण वही घेऊन जवळच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसा. “काका, दोष झाकणात आहे हे तुम्ही कसे ओळखले?” असे विचारा, आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून घ्या. मग ते खरे का, हे वर्गात सूत्रे मांडून तपासा. काही गोष्टी चुकीच्या निघतील, तेही लिहा.