चिठ्ठीवरचे औषध सर्वांना फुकट का नको?



उसाचा दर, उतारा आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर आपल्या अंकात नेहमी भरपूर लिहिले जाते, आणि ते लिहिलेच पाहिजे. परंतु ज्या घरात दोन म्हातारी माणसे आहेत त्या घरात ऊसबिलापेक्षाही नेमाने येणारा दुसरा एक कागद असतो. तो म्हणजे मेडिकलच्या दुकानाचे बिल. ऊसबिल लांबते, हे बिल लांबत नाही. रोख मोजावे लागते. बीपीची गोळी, शुगरची गोळी, दम्याचा पंप. एकदा लागले की जन्माचे लागले. डॉक्टरने लिहून दिलेले औषध सर्वांना मोफत मिळावे काय, याची चर्चा चाललेली असते. माझे मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: मिळावे, सरकारी दवाखान्यातून मिळावे, आणि पिवळे कार्ड की केशरी कार्ड असले काही न विचारता मिळावे.

कुणी म्हणेल, अहो, ते तर झालंय की! काही अंशी खरे आहे. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि औषधोपचार निःशुल्क केले. केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय चांगला होता आणि तो सर्वांसाठी होता, हे विशेष. पण महापालिकांचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये त्या निर्णयात आली नाहीत. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत राहणाऱ्याला एक नियम आणि हद्दीबाहेरच्याला दुसरा. शिवाय फलक लावणे आणि फडताळात गोळी असणे यांत अंतर असते. दीडच महिन्याने, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा होता असा आरोप झाला, रुग्णालयाने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते रुग्णालय मोफतच्या निर्णयाबाहेरचे होते, हे खरे. पण राज्याची औषधखरेदी कशी चालते याकडे त्या वेळी सगळ्यांचे डोळे लागले. २०१७ पासून खरेदी हाफकिनकडे होती; २०२३ मध्ये कायदा करून निराळे खरेदी प्राधिकरण नेमावे लागले. सरकारी दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला ‘बाहेरनं आणा’ हे दोन शब्द पाठ असतात. चिठ्ठी फुकट, गोळी विकत.

दुसरी गोष्ट जी मला अधिक खटकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचे शासनाने २०२३ मध्ये ठरविले. रक्कम मोठी आहे. पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी आहे. अर्धांगाचा झटका येऊन माणूस आडवा पडला की योजना धावते. तो झटका येऊ नये म्हणून रोज सकाळी घ्यायची जी गोळी, ती तिच्यात बसत नाही. पाटाला भगदाड पडल्यावर जेसीबी द्यायचा, आणि पडू नये म्हणून फावडे मागितले तर नाही म्हणायचे, त्यातला हा प्रकार. देशाच्या आरोग्य हिशेबाप्रमाणे २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सुधारणा आहेच. पण खिशातून जाणाऱ्या या पैशात मोठा वाटा औषधांचा असतो, भरतीचा नव्हे.

आता ‘सर्वांना’ कशाला, गरिबांनाच द्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या मावळ, मुळशी, खेडच्या सभासदांकडे पाहावे. ज्याची वीस गुंठे जमीन हिंजवडी किंवा चाकणच्या कडेला उरली आहे तो सातबाऱ्यावर कोट्यधीश आणि घरात उसनवारीवर. त्याचे कार्ड कोणत्या रंगाचे करायचे? चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोरांचेही तेच. कामगार विमा, म्हणजे ईएसआय, ही १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली फार चांगली व्यवस्था आहे. पगारातून थोडे कापतात आणि औषध घरच्यासुद्धा मिळते. पण त्याला पगाराची मर्यादा आहे. जानेवारी २०१७ मध्ये ती २१ हजारांवर नेली. ओव्हरटाइम सोडून पगार मर्यादेच्या शंभर रुपये वर गेला की काही महिन्यांत पोरगा बाहेर आणि त्याची आईही बाहेर. ठेका बदलला, मध्ये तीन-चार महिने घरी बसला, तरी हक्क तुटायला लागतो. रोग काही ठेका बघून येत नाही. टीबीच्या औषधाला आपण कार्ड विचारत नाही. पोलिओच्या थेंबांना विचारले नाही. मग बीपीलाच का विचारावे?

विलायतेतही हा वाद जुना आहे. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली सुरू झाली तेव्हा औषध फुकट होते. १९५१ मध्ये दातांच्या कवळीवर आणि चष्म्यावर पैसे लावायचे ठरले, तर ती सेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ पासून चिठ्ठीला एक शिलिंग लागला. १९६५ मध्ये तो रद्द झाला, १९६८ मध्ये पुन्हा आला. पुढे वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये फी काढून टाकली. इंग्लंडने ठेवली, मे २०२४ मध्ये ती एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स झाली. गंमत अशी की म्हातारे, मुले, गरोदर बाया अशा सवलती देता देता इंग्लंडातही दहातली सुमारे नऊ औषधे फुकटच दिली जातात. उरलेल्या एकासाठी केवढी ती नियमावली!

‘फुकटच्या मालाला किंमत राहत नाही’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. फुकट विजेवर मोटार रात्रभर चालू ठेवणारे आपल्यात आहेत, नावे घेत नाही. पण बीपीची गोळी चव म्हणून दोन जास्त कोण खातो? भीती खरी आहे ती अँटिबायोटिक्सची. सर्दीला ते औषध घेऊन घेऊन जंतू बेरड होतात आणि मग खऱ्या दुखण्यात ते चालत नाही. म्हणून फुकट द्यायचे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, मागेल त्याला नव्हे. आज दुकानात पैसे टाकले की चिठ्ठीवाचून मिळते, त्याची नासाडी कोण मोजतो?

राहिला पैसा. या बाबतीत पिंपरीच्या माणसाने तरी मागे राहू नये. परदेशी औषधांवर देश अवलंबून होता तेव्हा, मार्च १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीत उभी राहिली आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले. एच.ए. कॉलनी हे नाव आजच्या पोरांना फक्त बसथांबा म्हणून ठाऊक आहे. पुढे ती कंपनी आजारी पडली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जादा जमीन विकून देणी भागविण्याचे ठरविले. औषध करणारालाच औषध मिळेना, असे झाले. तरी त्या काळचा हिशेब खोटा ठरलेला नाही: औषध बनवायला जे लागते त्याच्या मानाने दुकानातली किंमत पुष्कळ जास्त असते, आणि नावाचे पैसे वेगळे.

तमिळनाडूने हे ओळखले. १९९४ मध्ये त्यांनी औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. कंपनीच्या नावाने नव्हे, औषधाच्या मूळ नावाने एकगठ्ठा खरेदी, आलेल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. वर्षाची रक्कम पासबुकात लिहिलेली, उचल केली की वजा. सोसायटीच्या पासबुकावर खत उचलणाऱ्या आपल्या सभासदाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही! राजस्थाननेही २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना चालविली ती याच धर्तीवर. आणि फुकट म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. काडेपेटी घेणाराही कर भरतो. औषधावरसुद्धा कर होताच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा तो १२ टक्क्यांवरून ५ वर आला.

माझे खरे दुखणे पुढेच आहे. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडनं कोयते आपल्या शिवारात येतात. त्यातल्या एखाद्या बाईला गावाकडच्या केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळालेल्या असतात. फडात ती चार-पाच महिने राहणार. गोळ्या संपल्या की आपल्याकडच्या केंद्रात सकाळी रांगेत उभे राहावे, तर दिवसाचा खाडा, आणि उचलीतून कपात मुकादमाची. फुकटची गोळी तिला सर्वांत महाग पडते. म्हणून ती घेतच नाही. दुसरे असे की सपाटीवर ३० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र, हे मोजमाप शिरगणतीवरचे. २०११ च्या शिरगणतीनंतर चाकण, महाळुंगे, खराबवाडी भागात खोल्या करून राहिलेला कामगार त्या मोजमापात कुठे आहे? औषधाचा साठा कागदावरच्या माणसांपुरता आला तर तो महिनाअखेरीला संपणारच. कंपाउंडरवर ओरडून काय उपयोग!

सबब येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी कारखान्याने तोडणी टोळ्यांची गाववार संख्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवावी आणि त्या संख्येइतका जादा औषधसाठा आपल्या कार्यक्षेत्रातील केंद्रांसाठी मागावा. बीपी, शुगर, दमा आणि फिट्सच्या रुग्णांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, असे त्यात घालावे. पंधरा दिवसांतून एकदा आरोग्य केंद्राची परिचारिका कोप्यांवर संध्याकाळी येईल, तिची गाडी कारखान्याने द्यावी. आणि शासनाकडे शिफारस करावी की १५ ऑगस्ट २०२३ चा निर्णय महापालिकांच्या दवाखान्यांनाही लावावा आणि कोणत्या केंद्रात कोणते औषध शिल्लक आहे हे दारावर रोज लिहावे, जसा आपण काट्यावर रोजचा गाळपाचा आकडा लिहितो.

गाडीचे डिझेल सोडले तर यात कारखान्याचा खर्च नाही. उसाच्या बिलातून टनामागे नवी कपात होणार काय, असे काहींनी आताच विचारले आहे. नाही, होणार नाही. ठराव सभेच्या आधी लेखी द्यावा लागतो. सूचक म्हणून सही मी करीन. अनुमोदक हवा आहे. कोप्यांजवळच्या गावातला असेल तर बरे.

— एक ऊस उत्पादक सभासद