बागेच्या लेव्हीला मी 'नाही' म्हटलं, आणि तुम्ही आलाच नाहीत



पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आमच्या कॉंडोतल्या तीन मराठी घरांचा माझ्याशी अबोला चालू आहे (एका घराचा अर्धाच, डबे अजून येतात-जातात). म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मागच्या महिन्यात आमच्या एमसीएसटीची एजीएम झाली. ठराव असा होता: जुनी हिरवळ आणि झुडपं काढून नवं लँडस्केपिंग करायचं. पाम, लाकडी डेक, गेटपाशी छोटा धबधबा, आणि खेळाच्या जागेशेजारी मुलांना पानांना हात लावून, वास घेऊन बघता येईल अशी बाग. त्यासाठी स्पेशल लेव्ही, शेअरमागे ९० डॉलर. आमच्या घराचे ७ शेअर, म्हणजे ६३०.

"मुलांसाठीच आहे गं," असं ग्रुपवर सगळ्यांचं म्हणणं. मी विरोधात मत दिलं. ठराव पडला. ७५ टक्के मतं हवी होती, ७२ पडली. माझी अकरा वर्षांची लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिला ती बाग हवी होती.

६३० डॉलर जड होते असं नाही. सीएच्या डोक्याला पहिला प्रश्न पडतो तो भांडवली खर्च आणि महसुली खर्चाचा. लेव्हीत बाग लावायचा खर्च होता, ती सांभाळायचा नव्हता. इथल्या उन्हापावसात झाडं कशी वाढतात ते बघताच आपण. छाटणी, खत, डेकला पॉलिश, धबधब्याचा पंप, आणि पाणी साचलं की डास. शिवाय लँडस्केपच्या कामगारांना प्रोग्रेसिव्ह वेज मॉडेल लागू आहे, त्यांचा किमान पगार २०२३ पासून दर वर्षी जुलैत वाढतो. वाढायलाच हवा, भर दुपारी ते काम करून बघावं कुणीतरी. पण मग तो आकडा बजेटमध्ये दिसला पाहिजे ना? मी मॅनेजिंग एजंटला आधी ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, "नंतर ठरवू." नंतर म्हणजे आपल्या तिमाही मेंटेनन्समध्ये.

दुसरं, सिंकिंग फंड. रंग, लिफ्ट, छताचं वॉटरप्रूफिंग अशा मोठ्या कामांसाठी तो असतो. आमची लिफ्ट वर्षात चारदा बंद पडलीये. आज बागेसाठी लेव्ही काढली आणि दोन वर्षांनी लिफ्टसाठी पुन्हा काढावी लागली, तर? तेव्हा इथून घर विकून गेलेले सुटतील आणि नवीन आलेले भरतील.

तिसरी गोष्ट शेजारच्या ब्लॉकमधल्या चिनी आंटीची. निवृत्त, एकट्या, ४५ चौरस मीटरचं घर. आमचं ११०. इथल्या शेअर व्हॅल्यूच्या पद्धतीत ५० मीटरपर्यंत ५ शेअर, १०० पर्यंत ६, १५० पर्यंत ७. म्हणजे आमचं घर दुपटीहून मोठं, पण आम्ही ६३० भरणार आणि त्या ४५०. पद्धत बेकायदा नाही, मतंही त्याच हिशोबाने मोजतात. पुण्यात सासऱ्यांच्या सोसायटीत फ्लॅट केवढाही असो, एक सभासद एक मत, तिथला कायदाच तसा. इथे तसं नाही. आंटींनी मला लिफ्टमध्ये फक्त एवढंच विचारलं, "हप्त्याने देता येईल का?"

एवढं सगळं मी ग्रुपवरही लिहिलं होतं. त्यावर तीन अंगठे आणि एक "बघू या" आलं.

आता अबोल्याचं. ठराव पडल्यावर सगळे म्हणाले, तुझ्यामुळे पडला. माझे ७ शेअर हो! स्पेशल रिझोल्युशनला ७५ टक्के लागतात ते टाकलेल्या मतांपैकी. घरी बसून "हो" म्हणणाऱ्याचा हो कुणी मोजत नाही. त्या दिवशी तर ३० टक्क्यांचा कोरमही भरला नव्हता. अर्धा तास थांबलो, आणि मग नियमाप्रमाणे जे हजर होते तेच कोरम.

आपली मंडळी कुठे होती? एक घर मुलांच्या नाटकाच्या तालमीला. एक घर आलं होतं, पण तिमाहीची थकबाकी होती. सभेच्या तीन दिवस आधीपर्यंत सगळं भरलेलं नसेल तर मत देता येत नाही. तिसऱ्यांनी प्रॉक्सीचा फॉर्म आदल्या रात्री दिला, तो ४८ तास आधी पोचायला हवा. भाड्याने राहणाऱ्यांना मत नसतंच, त्यांच्यावर माझा राग नाही.

आणि मला त्रास याचाच होतोय. मी जिंकले ते पटवून नाही, तुम्ही नव्हतात म्हणून. समोरासमोर भांडून हरले असते तर ६३० चा चेक त्याच संध्याकाळी दिला असता, आणि लेकीला घेऊन रोपं बघायलाही गेले असते.

"दोन वर्षांनी परत जायचंय, कशाला त्या मीटिंगा," हे वाक्य मी इथे पंधरा वर्षं ऐकतेय, सुरुवातीची काही वर्षं स्वतःही म्हणायचे. म्हणणाऱ्यांची मुलं एनएस करून आली. (एचडीबीतल्या मंडळींनो, तुमच्याकडे परिसराच्या नूतनीकरणाला ७५ टक्के घरांचा होकार लागतो आणि खर्च सरकार करतं. हेवा वाटतो.)

पुढच्या सभेसाठी मी सेक्रेटरीला लेखी ठराव दिलाय, कुणीही घरमालक देऊ शकतो. फक्त मुलांचा कोपरा. डेक नाही, धबधबा नाही. पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा त्यातच लिहिलाय, आणि रक्कम चार तिमाहींत विभागून. लेकीने झाडांची यादी केलीये: कढीपत्ता, गवती चहा, तुळस, पांदान. आंटींनी त्यात लाक्सा लीफ घालायला सांगितलं.

वहिनी, तेवढी मागची तिमाही भरून टाका. आणि तालमीची तारीख मला आधी कळवा.