अ‍ॅम्प घेण्याआधी खोका वाचा

पहिल्या पाळीला पिंपरीहून चाकणकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये बरेच जण कानात काहीतरी घालून बसलेले असतात. भोसरी, मोशी मागे टाकून बस नाशिक महामार्गावरच्या कोंडीत अडकली, की गाण्यांचाच काय तो विरंगुळा. त्यातल्या हौशी मंडळींना, विशेषतः नुकताच पगार सुरू झालेल्या ट्रेनी मुलांना, कधीतरी एक प्रश्न पडतोच: खिशात मावणारा हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा का, आणि दोन-तीन हजारांत कोणता येईल?

बहुतेकांना तो लागत नाही, असे आमचे मत आहे. ब्लूटूथ वापरणाऱ्यांना तर मुळीच नाही, कारण त्या हेडफोनच्या पोटातच अ‍ॅम्प बसवलेला असतो. राहिले वायरवाले. आयफोनने 2016 साली हेडफोनचे भोक काढून टाकले, पुढे अनेक अँड्रॉइड फोनांनीही तीच वाट धरली, आणि वायरवाल्यांच्या नशिबी डोंगल आले. हजाराच्या आसपास मिळणाऱ्या त्या बोटभर डोंगलमध्ये आकड्यांचा आवाज करणारा डॅक असतो आणि छोटा अ‍ॅम्पही. म्हणजे ज्याच्याकडे असे डोंगल आहे, त्याने पहिला अ‍ॅम्प घेतलेलाच आहे.

तो पुरतो का, हे इअरफोनच्या खोक्यावर लिहिलेले असते. 32 ओहम आणि दर मिलीवॅटला 100 डेसिबल, असे आकडे त्यावर छापलेत असे समजा. साधे डोंगल 1 व्होल्ट देत असेल, तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम या आयटीआयमध्ये शिकवलेल्या सूत्राने सुमारे 31 मिलीवॅट मिळतात. ताकद दहापट झाली की 10 डेसिबल वाढतात. त्या हिशेबाने 31 मिलीवॅटला 15 डेसिबल. म्हणजे कानाशी 115 डेसिबल! इतका आवाज कोणालाच नको. वर दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प घेतला, तरी भर पडते ती जेमतेम 3 डेसिबलची.

आता स्टुडिओत चालणारा बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो घ्या. त्याची 250 ओहमची आवृत्ती मिलीवॅटला 96 डेसिबल देते. त्याच 1 व्होल्टवर तिला 4 मिलीवॅट मिळतात, आवाज होतो 102. हा आकडाही मोठा दिसतो खरा, पण तो कमाल आहे. संथ आलापीपासून द्रुत तानेपर्यंत जाणाऱ्या ख्यालाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज कमाल पातळीच्या 20 डेसिबल खालीही असू शकतो. तिथे फोन शेवटच्या रेघेवर नेऊनही समाधान होत नाही. अशा हेडफोनला, किंवा प्लॅनर जातीच्या कमी संवेदनशील हेडफोनला, वेगळा अ‍ॅम्प घेणे रास्त आहे.

तो घेताना 32 बिट, 768 किलोहर्ट्झ या जाहिरातीकडे खुशाल काणाडोळा करावा. सीडी 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झवरच उत्तम वाजते. पाहायचे ते एवढेच, की आपल्या हेडफोनच्या ओहमला तो किती मिलीवॅट देतो. शिवाय अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी असावा, म्हणजे 16 ओहमच्या इअरफोनला 2 ओहमच्या आत. नाहीतर काही इअरफोनांचा सूरच पालटतो. गाणे थांबवून खरखर ऐकू येते का, तेही तपासावे. अ‍ॅपलचे डोंगल काही अँड्रॉइड फोनांवर पुरता आवाज देत नाही, म्हणून परत करण्याची सोय असेल तिथूनच खरेदी करावी. आणि ध्वनिमुद्रणच सुमार असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ज्यांच्या हातात सोल्डरिंगची कला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि आम्हाला तीच अधिक आवडते. चू मॉय यांनी 1990च्या दशकाअखेरीस प्रसिद्ध केलेला ‘सीमॉय’ हा आराखडा एक ऑप-अ‍ॅम्प, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि 9 व्होल्टची बॅटरी एवढ्यावर उभा राहतो. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत जगभरच्या हौशींनी तो बांधला. लागणारे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत शोधता येतात. त्यात डॅक नसल्याने डोंगल लागतेच. पण दोन-तीन हजारांच्या आत राहून अ‍ॅम्प आतून कसा चालतो, ते कळते.

बसमधल्या अनेकांची खरी तक्रार मात्र वेगळीच असते: इंजिनाच्या घरघरीत गाणे बुडते, म्हणून आवाज वाढवावासा वाटतो. त्यावर अ‍ॅम्प हा उपायच नव्हे. कानात नीट बसणारी रबरी टोपणे बाहेरचा गोंगाट अडवतात, मग कमी आवाजातही बोल स्पष्ट येतात. इअरफोनसोबत आलेली तिन्ही मापे घालून पाहावीत, एवढा साधा उपाय आहे.

हे आमच्या पट्ट्यात जास्त महत्त्वाचे, कारण प्रेस शॉपमध्ये आठ तास काढलेला कान आधीच थकलेला असतो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने आठ तासांसाठी 85 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 88ला चार तास, 91ला दोन. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे, आणि गेलेली श्रवणशक्ती औषधाने परत येत नाही. गोंगाटाच्या विभागात काम करणाऱ्यांनी इअरप्लग लावावेत, कंपनीतली श्रवणचाचणी टाळू नये आणि तिच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी.