पाटीवरून भांडायलाही माणसं लागतात

आमच्या वढू बुद्रुकची ओळख एका वाक्यात संपते. संभाजी महाराजांची समाधी! ११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली आणि भीमेकाठचं हे गाव कायमचं इतिहासात गेलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गावाला राजाचं नाव लागलं की गावातली माणसं हळूहळू गोष्टीतून बाहेर पडतात, असं माझं मत आहे.

याचं ठळक उदाहरण वढूत नाही, चौल-रेवदंड्याला आहे. आता वढूवरून एकदम अलिबागेकडे कुठे, असं म्हणाल. तर धागा महाराजांचाच आहे. १६८३ साली त्यांच्या फौजेने पोर्तुगिजांच्या चौलवर, म्हणजे आजच्या रेवदंड्याच्या कोटावर, हल्ला केला होता. आपल्याला चौल आठवतं ते एवढंच, लढाईपुरतं.

चौल मात्र त्याआधी सातशे वर्षं गजबजलेलं बंदर होतं. अरब त्याला सैमूर म्हणत. ९१६ च्या सुमारास अल मसूदी तिथे आला तेव्हा शिलाहारांचा झंझ राजा होता. त्याच शतकातल्या अबू दुलफच्या नावावरच्या वर्णनात या शहरात मशिदी, चर्च, पारशांची अग्निमंदिरं आणि ज्यूंची प्रार्थनास्थळं असल्याचं म्हटलंय. आपल्या कोकणात, एका शिलाहार राजाच्या गावात!

कोकणातले बेने इस्रायल आपली कहाणी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापासून सांगतात. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज. ही मंडळी गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावं पाहा : केहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. घरात मराठी, आणि मोझेसची कथासुद्धा मराठी कीर्तनातून! यापेक्षा मराठी माणूस आणखी वेगळा काय असतो?

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथेही आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला त्यांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं. इकडे रेवदंड्यात 'बेथ एल' सिनेगॉग उरलं, अलिबागेत इस्रायल आळी उरली. आळीचं नाव आहे, पण आळीतली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

आता परत वढूला येतो. महाराजांवर अंत्यसंस्कार कोणी केले? दलित समाजाची परंपरा गोविंद गोपाळ यांचं नाव सांगते, शिवले घराण्याची परंपरा आपल्या पूर्वजांचं. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ यांच्याबद्दलच्या फलकावरून वाद पेटला, त्यांच्या समाधीची नासधूस झाली. मग १ जानेवारी २०१८ ला शेजारच्या कोरेगाव भीमात जे झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. ते वाईटच होतं, त्याचं समर्थन नाही.

तेव्हापासून 'कशाला हव्यात त्या पाट्या? महाराजांचं नाव आहे, पुरे झालं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे पटत नाही. पाटी पुसून शांतता येते हे खरं, पण ती रेवदंड्याच्या घाण्याची शांतता असते. तिथे शनिवार तेल्यांच्या नावाने कुणी भांडत नाही, कारण भांडायला कुणी राहिलंच नाही. वढूत लोक आपल्या पूर्वजाच्या नावासाठी अजून हट्ट धरतात, कारण ते अजून गावात आहेत, शेजारी आहेत. हे गावाचं भाग्य समजायला हवं.

राजाचं नाव कुणी पुसू शकत नाही, त्याची काळजी नको. सांभाळायची ती बाकीच्यांची. दोन परंपरा असतील तर दोन्ही लिहाव्यात, शेजारी शेजारी, दगड न उचलता.

असो. तुमच्या गावात अशी नुसती नावापुरती उरलेली आळी आहे का? असेल तर जरूर कळवा.